प्लायच्या मागे काय आहे? कॅम्पर व्हॅनच्या भिंतींची गोष्ट

(या भागाचं शब्दांकन. बोलण्याची भाषा शक्य तितकी तशीच ठेवली आहे.)

आज आपण भिंतींवर बोलणार आहोत. घराच्या नाही, गाडीच्या. म्हणजे ज्या गाडीत पलंग, ओटा, कपाट करून लोक फिरायला निघतात, त्या कॅम्पर व्हॅनच्या आतल्या भिंती.

आधी माझी ओळख. मी वळसंगचा. दक्षिण सोलापूर तालुका, सोलापूर-अक्कलकोट रस्ता. घरात सुतारकाम आहे. आजोबा दारं-खिडक्या करायचे, वडील फर्निचर करतात, आणि मी गेली काही वर्षं गाड्यांचं आतलं काम करतो. त्यामुळे मला मेसेज येतात, ते बहुतेक एकाच प्रश्नाचे असतात. "दादा, व्हॅनला आतून प्लाय कोणता मारू?"

खरं सांगू का, प्लाय हा शेवटचा प्रश्न आहे. रीलमध्ये तीस सेकंदांत भिंत उभी राहते. पत्रा दिसतो, मग लाकडी भिंत दिसते, मग पिवळे दिवे लागतात आणि गाणं वाजतं. मधलं सगळं कापलेलं असतं. गाडीत राहायचं की नाही, झोप लागणार की घामाघूम होणार, आणि काही वाईट घडलं तर बाहेर पडता येणार की नाही, हे सगळं त्या कापलेल्या भागात ठरतं. म्हणून आज तो भाग बघू.

माळवद आणि पत्रा

आपल्याकडच्या कुणालाही उन्हाळा समजावून सांगावा लागत नाही. एप्रिल-मेमध्ये सोलापुरात पारा ४२-४३ ला टेकणं ही काही बातमी राहिलेली नाही. पण आपल्या भागातली जुनी माळवदाची घरं आठवा. दगड-मातीच्या जाड भिंती, वर तुळया, त्यावर फळ्या, त्यावर पांढऱ्या मातीचा थर. दुपारी बारा वाजताचं ऊन त्या छतातून आत पोचेपर्यंत संध्याकाळ होते. तोवर बाहेर वारा सुटलेला असतो आणि लोक वरच माळवदावर झोपायला जातात. त्याच गल्लीत पत्र्याची खोली असेल तर? दहा मिनिटांत भट्टी.

व्हॅन म्हणजे पत्र्याची खोली. तीही सगळ्या बाजूंनी पत्रा. लोखंडी पत्रा लाकडापेक्षा शेकडो पट सहज उष्णता वाहून नेतो. आता एक सोपा हिशोब करा. भर दुपारच्या उन्हात एका चौरस मीटरवर साधारण १००० वॅट ऊर्जा पडते. मोठ्या व्हॅनचं छत सात चौरस मीटर धरा. म्हणजे ७००० वॅट. तुमच्या डोक्यावर १००० वॅटच्या सात इस्त्र्या चालू आहेत असं समजा. गाडी पांढरी असेल तर त्यातली बरीचशी ऊर्जा परत फेकली जाते. काळी, मॅट फिनिश वगैरे असेल तर बहुतेक सगळी आत. त्यामुळे आमच्या भागात पहिलं इन्सुलेशन म्हणजे पांढरा रंग. फोटोत काळी गाडी भारी दिसते, मान्य. पण झोपायचं तुम्हाला आहे.

माळवदाची जाडी गाडीत आणता येत नाही, वजन झेपणार नाही. म्हणून तिथे हलका थर लागतो, जो उष्णतेला अडवेल. तो थर प्लायच्या मागे असतो. आणि आपली खरी गोष्ट तिथे सुरू होते.

एक भिंत उघडली तेव्हा

मागच्या वर्षी एक जोडपं त्यांची व्हॅन घेऊन आलं. दोघं घरूनच काम करणारे, वर्षातले चार महिने गाडीत राहायचे. गाडी त्यांनी तयार घेतली होती, आरसीवर कॅम्पर व्हॅन अशीच नोंद होती. तक्रार दोनच. आत कुबट वास येतो आणि खालची प्लाय फुगली आहे. "फक्त वरची सनमायका बदलून द्या," म्हणाले. बाहेरून ती गाडी इतकी सुंदर होती की माझ्या वडिलांनी सुद्धा हात फिरवून पाहिला.

स्क्रू दिसत नव्हते. सगळी प्लाय चिकटवलेली आणि वरून खिळे मारलेले. ती अख्खी काढायची तर फोडूनच काढावी लागणार होती. फोडली. आत तीन गोष्टी निघाल्या.

पहिली, ग्लासवूल. ते पत्र्याला लागूनच भरलेलं आणि खालचा वीतभर भाग ओला गच्च. ग्लासवूल वाईट नाही, पण कोरडं असेपर्यंत. ते गाडी कोकणात पावसाळ्यात घेऊन राहिलेले. दोन माणसं रात्रभर झोपली की श्वासातून आणि घामातून साधारण अर्धा लिटर पाणी हवेत जातं. त्यात स्वयंपाकाची वाफ धरा. ती वाफ प्लायच्या फटींतून मागे जाते, थंड पत्र्याला लागते आणि तिथे पाणी होतं. गार पाण्याच्या तांब्याला बाहेरून थेंब येतात ना, तेच.

दुसरी गोष्ट, गंज. खालच्या पट्टीला पत्रा तपकिरी झालेला, एका ठिकाणी बोट दाबलं तर खपली निघाली. आणि कंपनीने पाणी निघून जायला खाली जी बारीक भोकं ठेवलेली असतात, ती फोमने बुजवून टाकलेली. पाणी जाणार कुठून?

तिसरी गोष्ट बघून मात्र माझा आवाज बसला. प्लाय मारताना एक खिळा वायरच्या गुच्छातून गेला होता. वायरचं वरचं आवरण तिथे काळं पडलेलं. म्हणजे तिथे कधीतरी तापलं होतं. शेजारी थर्मोकोलचा तुकडा. वर त्यांचा पलंग.

ते दोघं तिथेच उभे होते. ताई म्हणाल्या, "आम्ही ह्याच्या शेजारी डोकं ठेवून झोपतो?" मी काय बोलणार.

थर कसे लावायचे

तर आता क्रमाने. नवी भिंत करा किंवा जुनी उघडा, क्रम हाच.

सगळ्यात आधी पत्रा स्वच्छ. गंज घासून काढायचा, प्रायमर मारायचा, वाळू द्यायचं. पाणी निघण्याची भोकं कुठे आहेत ते शोधून मार्करने खूण करा, म्हणजे चुकून बुजत नाहीत. मग गाडीवर पाइपाने पाणी मारून आत बसा. खिडकीच्या रबरातून एक थेंब जरी आला तरी भिंतीचं काम थांबवा. गळती आधी.

मग आवाजाचा थर. मोठ्या सपाट पत्र्यावर बोट वाजवलं तर डबा वाजतो तसा आवाज येतो. त्याच्या मध्यभागी डॅम्पिंग शीटचा तुकडा चिकटवला की तो बसतो. अख्खा पत्रा झाकायची गरज नाही, पाव भाग पुरतो. उगाच वजन वाढवू नका.

मग उष्णतेचा थर. इथे मी बंद पेशींचा फोम वापरतो. म्हणजे ज्यातले बुडबुडे एकमेकांना जोडलेले नसतात, त्यामुळे तो स्पंजसारखा पाणी पीत नाही. एसीच्या पाइपावर काळी रबरी शीट गुंडाळलेली तुम्ही बघितली असेल, नायट्राइल रबराची, तीही चालते. छताला २५ मिलिमीटर, बाजूला निदान २० मिलिमीटर. थेट पत्र्याला घट्ट चिकटवायची, मध्ये हवा ठेवायची नाही, म्हणजे वाफेला पत्र्यापर्यंत पोचायला वाट मिळत नाही. आणि दुकानदाराला एक प्रश्न नक्की विचारा. आगीला कसं आहे हे? पेटल्यावर स्वतःहून विझतं का? टेस्ट रिपोर्ट आहे का? गाड्यांच्या आतल्या सामानाच्या ज्वलनशीलतेसाठी आपल्याकडे आयएस १५०६१ हे मानक आहे. तो आकडा लक्षात ठेवा. दुकानदार गोंधळला तरी चालेल, तुम्ही गोंधळू नका.

थर्मोकोल नको. ऊन आणि हादरे याने तो कुरकुरतो, सॉल्व्हंटवाल्या गोंदाने विरघळतो, आणि पेटला तर काळा धूर. फवारायचा पीयू फोम पण जपून. फुगताना पत्रा बाहेर ढकलू शकतो, आणि जळताना त्याचा धूर विषारी असतो.

चकचकीत चंदेरी शीटबद्दल खूप विचारतात. ती उपयोगाची आहे, पण तिच्यासमोर थोडी मोकळी हवा असेल तरच. फोम आणि प्लाय यांच्यामध्ये दाबून बसवली तर चकाकीचा काही फायदा नाही. पैसे चकाकीचे गेले.

आणि आता आपला सोलापुरी प्रश्न. "दादा, गिरणीतला वेस्ट कापूस स्वस्तात मिळतो, तो भरू का?" आपल्या गावातनं हा प्रश्न येणारच. कापूस उष्णता छान अडवतो, गादीत झोपणाऱ्याला हे माहितीये. पण तो पाणी पितो आणि ठिणगीला वाट बघायला लावत नाही. भिंतीत कापूस नको. सोलापुरी चादर पलंगावर टाका, ती तिथेच शोभते.

वायर, मग प्लाय

वायरिंग भिंत बंद करायच्या आधी पूर्ण. मल्टीस्ट्रँड वायर, गाडीसाठीची. घरातली एकतारी वायर हादऱ्याने आतल्या आत तुटते. पत्र्याच्या भोकातून वायर जिथे जाते तिथे रबरी बुश. सगळी वायर पाइपातून. बॅटरीपासून वीतभर अंतरावर फ्यूज. आणि हे सगळं झालं की फोन काढा. प्रत्येक भिंतीचा फोटो, शेजारी मोजमापाची टेप धरून. हा फोटो तुमच्या गाडीचा एक्सरे आहे. उद्या हुक लावायला भोक पाडाल तेव्हा तोच वाचवेल.

मग लाकडी रिपा. त्या गाडीच्या बरगड्यांना रिव्हनटने बसवायच्या. मुख्य खांबांना, सीटबेल्टच्या जागेला भोकं पाडायची नाहीत. रिपेचा एक फायदा असाही की प्लायचा स्क्रू पत्र्याला टेकत नाही, म्हणजे उष्णता स्क्रूवाटे आत येत नाही. रिपेवर फेल्टची पट्टी चिकटवा, म्हणजे खड्ड्यात भिंत कुरकुरणार नाही. आणि आपल्या रस्त्यांवर खड्डा नाही असं किलोमीटर कुठंय?

आता प्लाय, ज्याच्यासाठी तुम्ही मेसेज केला होता. भिंतीला ६ मिलिमीटर पुरे. हिशोब ऐका. आतल्या भिंती आणि छत मिळून साधारण २० चौरस मीटर होतात. १२ मिलिमीटर लावली तर नुसत्या प्लायचं वजन दीडशे किलोच्या आसपास. ६ मिलिमीटरची त्याच्या निम्मी. ते वाचलेले पंचाहत्तर किलो म्हणजे एक माणूस. आगीला उशिरा धरणारी प्लाय मिळते, तिचं मानक आयएस ५५०९. शिक्का बघून घ्या. किंमत जास्त आहे. द्या.

दोन पत्र्यांच्यामध्ये दोन-तीन मिलिमीटर फट ठेवा, वर बीडिंगची पट्टी. लाकूड हवेप्रमाणे हलतं, गाडी रस्त्याप्रमाणे हलते. आणि गोंद लावून भिंत कायमची बंद करू नका. कप वॉशर आणि स्क्रू. ते दिसतील. दिसू द्या. आजोबा म्हणायचे, जे उघडता येत नाही ते दुरुस्त करता येत नाही. लपवलेला स्क्रू फोटोत छान दिसतो, पण पुढच्या मिस्त्रीला हातोडा घ्यायला लावतो.

वरचं फिनिश तुमची आवड. सनमायका पुसायला सोपी. कापड लावलं तर आवाज कमी होतो, पण ओट्याच्या जवळ कापड नकोच. ओट्यामागे धातूची शीट. सनमायकेचा गोंद उन्हात नरम पडणार नाही असा घ्या, नाहीतर मे महिन्यात कोपरे उचलतात. काम करताना दारं उघडी, आणि विडी-सिगारेट बाहेर.

स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो. गळला तर खाली साचतो. म्हणून सिलिंडरच्या कप्प्याच्या तळाला बाहेर उघडणारी जाळी ठेवा. वर जाळी ठेवून उपयोग नाही.

खिडकीचा वाद

आता त्या जोडप्याकडे परत. भिंती नव्याने करायच्या ठरल्या, क्रम ठरला, पैसे ठरले. मग दादा म्हणाले, "मागची ही खिडकी बंद करून टाका. तिथे सरळ भिंत आली की टीव्ही बसेल."

ती आपत्कालीन खिडकी होती. मी म्हणालो, "दादा, ही मी झाकणार नाही." ते म्हणाले, "अहो, सरकता दरवाजा आहे की एवढा मोठा." मग थोडा वाद झाला. गिऱ्हाईक आहे, कामाला आलंय, मोठं काम आहे. वडील कोपऱ्यातनं माझ्याकडे बघत होते.

मग मी म्हणालो, एक करू. तुम्ही पलंगावर झोपा. डोळ्यांवर रुमाल बांधा. दरवाजा बाहेरून मी दाबून धरतो, समजा अपघातात अडकला. आता बाहेर या. ताई फोनवर स्टॉपवॉच लावतील.

पहिल्यांदा ते हसले. मग खरंच झोपले, रुमाल बांधला. उठले, कपाटाला धडकले, दरवाजाकडे गेले, तो उघडेना. पुढच्या सीटकडे जायला ओट्याचा कोपरा आडवा. चाचपडत होते. एक मिनिट झालं तरी ते आतच होते. ताईंनी घड्याळ थांबवलं आणि म्हणाल्या, "टीव्ही नको."

तेवढंच. पुढे कुणी काही बोललं नाही. खिडकी राहिली, शेजारी काच फोडायचा हातोडा लटकला, आणि त्याखाली अंधारात चमकणारी पट्टी चिकटवली.

मी हा हट्ट का धरला, तेही सांगतो. १ जुलै २०२३ ची पहाट तुम्हाला आठवत असेल. समृद्धी महामार्गावर बुलढाणा जिल्ह्यात एक खासगी बस उलटली, पेटली, आणि २५ माणसं गेली. बस मोठी, आपली व्हॅन लहान. पण प्रश्न तोच राहतो. पेटल्यावर किती वेळ मिळतो, आणि त्या वेळात बाहेर पडायला दुसरी वाट आहे का. भिंतीतला फोम, प्लाय, वायर पहिल्या प्रश्नाचं उत्तर ठरवतात. खिडकी दुसऱ्याचं. भिंत करणारा माणूस ही दोन्ही उत्तरं लिहीत असतो, त्याला ते ठाऊक असो किंवा नसो.

कागद

शेवटी कंटाळवाणा पण महत्त्वाचा भाग. कुठलीही जुनी गाडी उचलून आत घर केलं, असं आपल्याकडे चालत नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ चं कलम ५२ सांगतं की गाडी मूळ तपशिलापेक्षा वेगळी ठरेल असा बदल परवानगीशिवाय करायचा नाही. ९ जानेवारी २०१९ ला सर्वोच्च न्यायालयाने सुद्धा हेच ठणकावून सांगितलं. नियम मोडणाऱ्या मालकाला कलम १८२-अ खाली प्रत्येक बदलामागे ५००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. मोटर कॅराव्हॅनसाठी एआयएस-१२४ नावाचं वेगळं मानक आहे. महाराष्ट्राने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरणही आणलं. म्हणजे रस्ता आहे, पण तो आरटीओच्या दारातून जातो. मी आधी आरसी बघतो, मग टेप काढतो. आणि विमा कंपनीला कळवायला विसरू नका. न कळवलेल्या बदलावर दावा अडकू शकतो.

तर मंडळी, ज्यांना आत्ता गाडी घ्यायचीये, त्यांनी ह्या पाच गोष्टी फोनमध्ये लिहून ठेवा. विकणाऱ्याला विचारा, भिंत बंद करण्याआधीचे फोटो आहेत का. एक तरी पॅनल स्क्रूने उघडून दाखवायला सांगा. फोम आणि प्लायचा आगीचा शिक्का मागा. आरसीवरची नोंद वाचा. आणि रुमाल बांधून, कुणाला तरी दरवाजा धरायला लावून, बाहेर पडून बघा. विकणारा हसेल. हसू द्या. तो पाचव्या गोष्टीला तयारच नसेल, तर गाडी तिथेच सोडून या.

आणि ज्यांच्याकडे गाडी आहे, त्यांनी ह्या रविवारी खालचं एक पॅनल उघडा. आत कोरडं असेल, वायर पाइपात असेल, तर पुन्हा बसवा आणि निवांत फिरायला जा. ओलं असेल तर मला फोटो पाठवा, आपण बघू काय करायचं ते.

पुढच्या भागात गाडीच्या छतावरचा पंखा आणि हवा कशी खेळवायची त्यावर बोलू, कारण नुसत्या फोमने गाडी गार होत नाही, संध्याकाळी आतली गरम हवा बाहेर काढावी लागते. तोवर सांभाळून चालवा. नमस्कार.